जाळ्यातलं भोक कोण बुजवणार? सेन्सर, रोबो आणि कोकण रेल्वेचा गस्तवाला



विज्ञानाच्या तासाला आपण संवेदक म्हणजे सेन्सर शिकवतो. मुलांना उदाहरणं पाठ असतात: मॉलचा आपोआप उघडणारा दरवाजा, मोबाईलचा स्क्रीन, अंधार पडला की लागणारा दिवा. पण ही सगळी एकट्या सेन्सरची उदाहरणं झाली. डोंगर, जंगल, शेत किंवा रेल्वेमार्ग यांवर लक्ष ठेवायचं तर एक सेन्सर पुरत नाही, सेन्सरांचं जाळं लागतं. आणि जाळं म्हटलं की त्याला भोक पडणार, हेही आलंच.

आजचा पाठ त्या भोकाचा आहे. एखादा सेन्सर बंद पडला तर त्याच्या वाटणीच्या जागेवर लक्ष कोण ठेवणार? भोक पडलंय हे जाळ्याला कळणार कसं? आणि चालता-फिरता रोबो पाठवून ते बुजवायचं कसं? विषय इंजिनिअरिंगचा वाटतो, पण सुतळी आणि खडू एवढ्या साहित्यावर सहावी ते आठवीच्या मुलांना तो छान समजतो. दोन तासिका ठेवा, त्यातली एक मैदानावर.

१. सुरुवात दोन आकड्यांपासून

फळ्यावर फक्त दोन आकडे लिहा.

२६ जुलै २००५, चोवीस तासांतला पाऊस:
कुलाबा – ७३.४ मिलिमीटर
सांताक्रूझ – ९४४ मिलिमीटर

मुलांना विचारा, "ही दोन वेगळी शहरं आहेत का?" नाहीत. हवामान खात्याची ही दोन्ही केंद्रं मुंबईतच आहेत. एकाच शहरात, एकाच दिवशी, जवळजवळ तेरा पटींचा फरक! आता खरा प्रश्न विचारा: "समजा त्या दिवशी फक्त कुलाब्याचंच पर्जन्यमापक असतं, तर कागदावर मुंबईत किती पाऊस पडला असता?"

मुलं थोडा वेळ गप्प बसतात, मग एखादा म्हणतो, "नेहमीसारखाच." बरोबर! पावसाळ्यात ७३ मिलिमीटर ही काही मोठी बातमी नाही. यंत्र नव्हतं म्हणून पाऊस नव्हता, असं होत नाही. त्या प्रलयानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते ह्याच कारणासाठी. मोजणाऱ्या दोन ठिकाणांमधली मोकळी जागा म्हणजे आपल्या आजच्या पाठातलं ‘भोक’.

२. बिनतारी जाळं म्हणजे काय?

जाळ्यातल्या प्रत्येक डबीला नोड म्हणतात. नोडमध्ये चार गोष्टी असतात:

• सेन्सर – ओल, तापमान, कंप, जमिनीचा कल असं काहीतरी ओळखणारा
• छोटा प्रोसेसर – विचार करणारा
• रेडिओ – शेजाऱ्याशी बोलणारा
• बॅटरी – या तिघांना पोसणारी

नोड आपली माहिती शेजारच्या नोडला देतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं करत ती मुख्य केंद्रापर्यंत पोचते. कानगोष्टीच्या खेळासारखं. फक्त इथे शब्द बदलून चालत नाही!

२००२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट डक नावाच्या बेटावर संशोधकांनी असे ३२ नोड लावले. बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांना त्रास न देता त्यांच्या घरट्यांची माहिती मिळवायची होती. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या गटाने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत असं जाळं लावून बघितलं. बेट असो की बाग, अडचण तीच येते. पावसाचं पाणी आत शिरतं, बॅटरी संपते, गुरांचा पाय पडतो, उंदीर कुरतडतात, फांदी कोसळते. काही नोड बंद पडणारच, हे धरूनच चालावं लागतं.

इथे मुलांच्या मनात एक फरक पक्का करा. नोडला दोन रेंज असतात.

ओळखण्याची रेंज: नोडला आपल्या भोवती किती अंतरापर्यंतचं कळतं.
बोलण्याची रेंज: त्याचा रेडिओ किती लांबच्या शेजाऱ्यापर्यंत पोचतो.

म्हणून बिघाडही दोन प्रकारचे. पहिल्यात त्या जागेवर कुणाचंच लक्ष राहत नाही. दुसऱ्यात नोडला सगळं कळतंय, पण सांगायला वाटच नाही. यावर एक सुंदर नियम आहे: बोलण्याची रेंज ओळखण्याच्या रेंजच्या किमान दुप्पट असेल आणि सगळी जागा झाकलेली असेल, तर सगळे नोड आपोआप एकमेकांशी जोडलेले राहतात. म्हणजे जागा नीट झाकली की संपर्काची वेगळी काळजी करावी लागत नाही.

३. वर्तुळांचं गणित

डी.एड.ला आपण सगळेच शिकलो, सोप्याकडून कठीणाकडे जावं. म्हणून आधी वर्तुळ.

समजा नोडची ओळखण्याची रेंज १० मीटर आहे, म्हणजे तो १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर लक्ष ठेवतो. आपल्याला १०० मीटर × १०० मीटरचं मैदान झाकायचंय. किती नोड लागतील?

पद्धत पहिली, चौकोनी मांडणी (बुद्धिबळाच्या पटासारखी). दोन नोडमधलं अंतर जास्तीत जास्त सुमारे १४ मीटर ठेवता येतं. प्रत्येक नोडच्या वाट्याला २०० चौरस मीटर येतात. म्हणजे सुमारे ५० नोड.

पद्धत दुसरी, त्रिकोणी मांडणी (मधमाश्यांच्या पोळ्यासारखी). अंतर सुमारे १७.३ मीटर चालतं. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २६० चौरस मीटर. म्हणजे सुमारे ३९ नोड.

(कडेचे जादा नोड सोपेपणासाठी सोडून दिलेत.) तेवढीच जागा, पण अकरा नोड वाचले! सारख्या वर्तुळांनी सपाट जागा झाकायची तर यापेक्षा काटकसरीची मांडणी नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

आता काटकसरीची दुसरी बाजू. या पोळ्यातला मधला एक नोड बंद पडला. त्याच्या सहा शेजाऱ्यांची वर्तुळं त्याच्या वर्तुळात थोडी थोडी शिरलेली असतात, पण तेवढ्याने भागत नाही. सुमारे २०५ चौरस मीटर जागा उघडी पडते. आपली वर्गखोली साधारण ५० चौरस मीटरची धरली तर चार वर्गखोल्या झाल्या! जितकी काटकसर जास्त, तितकं प्रत्येक भोक महाग. हे वाक्य मी मुलांना वहीत चौकट करून लिहायला लावते.

४. भोक पडलंय हे कळणार कसं?

बंद पडलेला नोड ‘मी बंद पडलोय’ असं सांगू शकत नाही. आणि डोंगर शांत असतो तेव्हा चालू नोडकडेही सांगण्यासारखं काही नसतं. मग गप्प असलेला नोड ‘सगळं ठीक’ म्हणून गप्प आहे की बंद पडलाय म्हणून, हे ओळखायचं कसं?

उत्तर आपण रोज सकाळी वर्गात करतो तेच. हजेरी!

प्रत्येक नोड ठरावीक वेळाने शेजाऱ्यांना फक्त ‘हजर’ एवढाच निरोप पाठवतो, मग बाकी काही सांगायचं असो वा नसो. प्रत्येकाला एक राखणदार शेजारी नेमून दिलेला असतो. ओळीने दोन-तीन वेळा ‘हजर’ आलं नाही की राखणदार वर कळवतो, "माझा शेजारी गप्प आहे." हजेरी फार वेळा घेतली तर बोलण्यातच बॅटरी संपते, फार उशिरा घेतली तर भोक उशिरा कळतं. हा तोल कसा साधायचा, यावर मुलांची चर्चा घ्या.

दुसरी खूण भूमितीची आहे. प्रत्येक नोडने फक्त आपल्या वर्तुळाचा परीघ तपासायचा: ‘माझ्या परिघाचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या शेजाऱ्याच्या वर्तुळात येतो का?’ सगळ्यांचं उत्तर ‘हो’ आलं तर मध्ये कुठेच भोक नाही. कुणाचा तुकडा उघडा राहिला तर भोक तिथेच आहे. (मैदानाच्या कडेला असलेला तुकडा अर्थातच सोडून द्यायचा.) सगळं मैदान कुणा एकाने बघायची गरजच नाही. प्रत्येकाने आपलं कुंपण बघितलं तरी पुरे.

५. चालतं लक्ष: आपल्या बेलापूरची गोष्ट

रोबोकडे जाण्याआधी माणसाकडे बघू. चालता-फिरता पहारेकरी ठेवून भोक झाकायची कल्पना जुनी आहे, आणि तिचं उत्तम उदाहरण आपल्या दारात आहे. कोकण रेल्वेचं मुख्य कार्यालय आपल्या सीबीडी बेलापूरला आहे. कार्यालय इथे, आणि मार्ग रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंगमधून आणि बोगद्यांतून जाणारा.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीला गाडी धडकली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. त्यानंतर या मार्गाच्या सुरक्षेकडे बघण्याची दृष्टीच बदलली. आज पावसाळ्यात तिथे काय काय असतं बघा:

• नऊ स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदवणारी पर्जन्यमापकं
• काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा
• पानवळचा उंच पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं
• मार्गावर सरासरी दर एक किलोमीटरला आपत्कालीन संपर्काची सोय, म्हणजे आपली ‘बोलण्याची रेंज’

ही झाली एका जागी बसलेली यंत्रं. पण दोन यंत्रांच्या मधलं काय? तिथे माणूस चालतो. पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी गस्तीवर असतात, धोक्याच्या जागी चोवीस तास पहारा असतो. जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवायची, असा चालकांना आदेश असतो.

या शेवटच्या आदेशाकडे मुलांचं लक्ष जरूर वेधा. दिसत नसेल तर ‘काही नसेल’ असं समजायचं नाही, वेग कमी करायचा. भोक लगेच बुजवता येत नसेल तेव्हा काय करायचं, त्याचं हे उत्तर आहे.

गावी जाताना कधी खिडकीतून रेनकोट घातलेला, हातात बॅटरी घेतलेला माणूस रुळाच्या कडेला दिसला, तर मुलांना सांगा, हा जाळ्यातला चालता नोड आहे.

६. रोबो काय वेगळं करतो?

गस्तवाला भोकावरून चालत जातो. तो पुढे गेला की मागची जागा पुन्हा उघडी. रोबो जादा नोड सोबत नेतो आणि बंद पडलेल्या नोडच्या जागी ठेवून येतो. तो गेल्यावरही जागा झाकलेली राहते. संशोधकांनी याच्या बऱ्याच रीती मांडल्यात. तीन प्रश्नांत त्या मुलांपुढे ठेवता येतात.

प्रश्न पहिला: हुकूम कुणाचा?
एक रीत अशी की सगळ्या तक्रारी एका मुख्य केंद्राकडे येतात आणि ते जवळचा रोबो पाठवतं. पण लांबून निरोप येईपर्यंत वाटेतल्या नोडांची बॅटरी खर्च होते, आणि केंद्रच बंद पडलं तर सगळंच ठप्प. दुसरी रीत: मैदानाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक रोबो. पोस्टमनच्या बीटसारखं. निरोप जवळच्या जवळ मिटतो. पण एकाच भागात पाच नोड गेले तर तिथला रोबो धावून दमतो आणि शेजारचा रिकामा बसतो. तिसरी रीत रिक्षासारखी: भाग ठरलेले नाहीत, त्या क्षणी जो जवळ असेल तो जाईल. त्यासाठी मात्र रोबो आत्ता कुठे आहे हे आसपासच्या नोडांना सतत कळत राहिलं पाहिजे.

प्रश्न दुसरा: एकाने लांब जायचं की सगळ्यांनी थोडं सरकायचं?
कधी कधी नोडलाच चाकं असतात. समजा जादा नोड भोकापासून ५१ मीटरवर आहे आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर. तो एकटा गेला तर १०२ सेकंद लागतील. पण वाटेत १७-१७ मीटरवर दोन नोड असतील तर? तिघांनी एकाच वेळी एकेक जागा पुढे सरकायचं: भोकाजवळचा भोकात, त्याच्या मागचा त्याच्या जागी, जादा नोड त्याच्याही मागे. ३४ सेकंदांत काम झालं! एकूण अंतर तेवढंच, पण खर्च तिघांत वाटला गेला. आपण बाकावर ‘सरका रे थोडं’ म्हणतो, अगदी तसंच.

प्रश्न तिसरा: भोक बुजवताना नवं भोक पडतंय का?
जो नोड जागचा हलला, त्याची मूळ जागा कुणी धरली? जादा नसलेला नोड ओढून नेला तर भोक बुजत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

आणि जमिनीवरून जाताच येत नसेल तर? २००४ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी चालकाविना उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरमधून नोड टाकून जाळं उभारलं, त्यातला तुटलेला संपर्क शोधला आणि तिथे नवे नोड टाकून तो जोडून दाखवला.

७. मैदानावरचा खेळ

साहित्य: १ मीटर लांबीची सुतळी, खडू, वीस-पंचवीस खडे.

१. सात मुलं ‘नोड’. एक मध्ये, सहा भोवती. शेजाऱ्यांमधलं अंतर १७० सेंटिमीटर. प्रत्येकाभोवती सुतळीने १ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा.

२. नोडांनी पाठ फिरवायची. एका मुलाने खडे कुठेही टाकायचे. मग प्रत्येक नोडने आपल्या वर्तुळातले खडे मोजून आकडा शेजाऱ्याच्या कानात सांगायचा, तो कडेला बसलेल्या ‘केंद्रा’पर्यंत न्यायचा. (एक खडा दोघांच्या वर्तुळात आला तर? हा वाद मुलं स्वतःच सोडवतात, सोडवू द्या.)

३. आता मधल्या मुलाच्या कानात सांगा, "तू बंद पडलास." त्याने नुसतं गप्प बसायचं. खडे पुन्हा टाका. केंद्राचा आकडा कमी येतो, पण केंद्राला वाटतं खडेच कमी पडले! इथे थांबा. आजच्या पाठातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच.

४. आता ‘हजेरी’ सुरू करा. दर दहा टाळ्यांनी प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून "हजर" म्हणायचं. भोक किती टाळ्यांत सापडतं ते मोजा.

५. लांब एक ‘जादा गडी’ उभा करा. एकदा तो एकटा पळत येऊ दे, एकदा सगळे एकेक जागा सरकू देत. दोन्ही वेळा सेकंद मोजून तक्ता करा.

माझ्या वर्गात हा खेळ झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, रोबोच बंद पडला तर त्याची हजेरी कोण घेणार?" कुठल्याही चाचणीपेक्षा मला हा प्रश्न जास्त आवडला. असा प्रश्न आला की पाठ पोचला समजा.

८. तंत्राची मर्यादाही सांगूया

रोबो म्हटलं की मुलांना सगळं सोपं वाटायला लागतं. म्हणून दोन घटना, वयाला शोभेल अशा शब्दांत, जरूर सांगा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत, जवानांनी आणि गावकऱ्यांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. जिथे जेसीबी चढला नाही, तिथे चिखलातून चाकाचा रोबो कसा चढेल? म्हणून सह्याद्रीसाठी रोबो आखायचा तर आधी सह्याद्रीची वाट माहीत हवी. आणि ती वाट सगळ्यात जास्त वाडीतल्या माणसालाच माहीत असते.

दुसरी घटना ३० जुलै २०१४ ची, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीणची. अख्खा डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. ही बातमी जगाला कळली ती एका एस.टी. चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर तो आला आणि गाव जागेवर नाही, हे त्याला दिसलं. गावातून मदतीची हाक आली नव्हती. हाक मारणारी माणसंच ढिगाऱ्याखाली होती.

आता पाठाकडे परत या. माळीण गप्प होतं, आणि त्या गप्प असण्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा नव्हता. एस.टी.ची ती रोजची फेरी म्हणजे एका अर्थाने हजेरीच होती. म्हणून ज्या गावाला सेन्सर नाही, त्या गावाकडे रोज जाणारं कुणीतरी असलंच पाहिजे: एस.टी., आशाताई, पोस्टमन किंवा शाळेचे गुरुजी. रोबो येईल तेव्हा येईल, ही चालती माणसं तोवर कमी करून चालणार नाही.

९. स्वाध्याय

१. आपल्या शाळेत धूर ओळखणारे सेन्सर बसवायचेत. शाळेचा नकाशा काढून वर्तुळं आखा. सगळ्यात धोक्याचं भोक कुठे राहतं?
२. त्रिज्या ५ मीटर केली तर त्याच मैदानाला त्रिकोणी मांडणीत किती नोड लागतील? (इशारा: उत्तर दुप्पट नाही!)
३. ‘हुकूम कुणाचा?’ यातली कुठली रीत तुमच्या गावासाठी चांगली? कारण लिहा.
४. तुमच्या सोसायटीत किंवा वाडीत चालता नोड कोण आहे? त्याच्याशी बोलून पाच ओळी लिहा.

पालकांसाठी: चौथा प्रश्न मुलांना एकट्याने करायला देऊ नका, सोबत जा. रात्रीचा वॉचमन, पहाटेचा दूधवाला, सफाई कामगार यांना कुठला दिवा बंद आहे, कुठे पाणी तुंबतं, कुठल्या दारातून दोन दिवस कुणी बाहेर आलं नाही, हे सगळ्यात आधी कळतं.

आणि शिक्षकांसाठी एकच. वर्गातही ‘समजलं का?’ विचारल्यावर शेवटच्या बाकावरून काही आवाज येत नाही. तो आवाज न येणं म्हणजे समजलंय असं धरू नका. तिथपर्यंत चालत जा.

खेळ घेऊन बघा, आणि तुमच्या मुलांना भोक किती टाळ्यांत सापडलं ते नक्की कळवा. आमच्या वर्गाचा आकडा बावीस आहे!